जपानी घरबसल्या शिकायचीय? मग मराठी व्याकरण हाताशी ठेवा (एन५ पासून सुरुवात करणाऱ्यांसाठी)

दुधनाकाठ (सेलू)

"जपानी शिकायचीय, पण इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?" आपल्या भागातली मुलं-मुली हा प्रश्न मला सारखा विचारतात, म्हणून धागाच काढते. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. जपानी घरीच शिकले. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा, तिच्या एन५ (सर्वांत सोपी) आणि एन४ या पातळ्या झाल्या, आता एन३ चा अभ्यास चालू आहे. ठामपणे सांगते, जपानीसाठी इंग्रजी पक्कं असायची गरज नाही. मराठी वाक्याकडं नीट बघता आलं पाहिजे.

एक वाक्य घ्या. "पारुबानी कारा पुने मादे बासु दे इकिमासु." परभणीहून पुण्यापर्यंत बसने जाते. कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, दे म्हणजे ने. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, कर्ता गाळला तरी चालतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हेच वाक्य उलटं फिरवून डोक्यात बसवावं लागतं. मग आपण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत असा वळसा कशासाठी घ्यायचा?

आता आवडीनिवडीचं बघा. "वाताशि वा माङ्गो गा सुकि देसु." मला आंबा आवडतो. इंग्रजी पुस्तकं इथं थांबून समजावत बसतात, की आंब्याला कर्माचा प्रत्यय 'ओ' न लागता 'गा' का लागतो. आपल्याला समजावायची गरजच नाही. मराठीत आवडतो तो आंबा, मी नुसती 'मला'. तसंच "आतामा गा इताइ देसु" म्हणजे डोकं दुखतंय. "ओकाने गा इरिमासु" म्हणजे पैसे लागतात. "निहोंगो गा वाकारिमासु" म्हणजे जपानी समजते. सगळीकडं एकच घडण.

दिसणं आणि बघणं, ऐकू येणं आणि ऐकणं हा फरकही तसाच. मिएरु म्हणजे दिसणे, मिरु म्हणजे बघणे. किकोएरु म्हणजे ऐकू येणे, किकु म्हणजे ऐकणे. आपल्याकडं पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे अशा जोड्या आहेत, तशा तिकडं ओचिरु-ओतोसु, कोवारेरु-कोवासु, याकेरु-याकु. एन४ ला या जोड्यांनी भलेभले अडकतात. मराठी माणसानं अडकू नये.

पण सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे ज्याला 'ते-रूप' म्हणतात ते. आपलं 'ऊन' म्हणा. ताबेते मिमासु, खाऊन बघते. काइते ओकिमासु, लिहून ठेवते. ताबेते शिमाइमाशिता, खाऊन टाकलं. मोत्ते किमासु, घेऊन येते. मोत्ते इकिमासु, घेऊन जाते. बघणे, ठेवणे, टाकणे, येणे, जाणे ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागून जी छटा देतात, ती दोन्ही भाषांत जवळजवळ सारखी. जपानी माणूस घरातून निघताना "इत्तेकिमासु" म्हणतो, आपण "जाऊन येतो" म्हणतो. आमच्या घरी "जातो" म्हणलेलं आजीला चालायचं नाही, तिकडंही निघताना असंच परत येण्याचं बोलून जातात.

आणि हेही बघा, "हाहा गा त्सुकुत्ता र्योओरि", आईने केलेला स्वयंपाक. "किनोओ कात्ता होन", काल घेतलेलं पुस्तक. नामाच्या आधी अख्खं वाक्य ठेवायची आपल्याला जन्मजात सवय आहे.

मराठी कुठं दगा देते तेही सांगते. आपला 'त' प्रत्यय दोन्हीकडं चालतो: शाळेत आहे, शाळेत अभ्यास करते. जपानीत असण्याला 'नि' आणि करण्याला 'दे' लागतो: गाक्कोओ नि इमासु, पण गाक्कोओ दे बेंक्योओ शिमासु. दुसरं म्हणजे आपलं 'आहे' माणसालाही आणि खुर्चीलाही. तिकडं माणसा-प्राण्याला इमासु, वस्तूला आणि झाडाला आरिमासु. तिसरं, विशेषणांना काळ असतो. आत्सुइ म्हणजे गरम, आत्सुकात्ता म्हणजे गरम होतं, आत्सुकुनाइ म्हणजे गरम नाही. हे मराठीत कुठंच नाही, त्यामुळं इथं जास्त वेळ द्यायचा. उलट लिंग नाही, वचन नाही, मी जाते-तो जातो-ते जातात या सगळ्याला एकच इकिमासु. जिथं सूट आहे तिथं सूट घ्या.

लिपीचं आणि पुस्तकांचं खाली कुणी विचारलं की लिहिते.


मांजरा_तीर (लातूर)

ताई, मी तंत्रनिकेतनला दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ बघून शिकायलोय. हिरागाना लिपी निम्मी झाली. पण 'वा' आणि 'गा' काही डोक्यात शिरंना. आणि लिपी पाठ करायची बरी पद्धत सांगा की. आमच्या रूमवर रात्री नेट चालत नाही, त्यामुळं नेटशिवायचं काही असलं तर बरं होईल.


दुधनाकाठ (सेलू)

@मांजरा_तीर, आधी लिपी.

हिरागाना रोजच्या जपानी शब्दांची, काताकाना मुख्यतः परक्या शब्दांची. हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाचीही ४६. त्यांचा क्रम मोठ्यानं म्हणून बघ: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला ना? बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमाला चीनमार्गे जपानात गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम तिथं रुजला. 'सा' ची ओळ आपल्या च वर्गाच्या जागी आहे. 'हा' ची ओळ प वर्गाच्या जागी आहे, कारण तिचा फार जुना उच्चार प होता. म्हणूनच तिकडं हा च्या अक्षराला दोन रेघोट्या दिल्या की बा होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की पा होतो. तक्ता रट्टा मारून पाठ करू नकोस, बाराखडीसारखा म्हणत लिही.

वही घेताना गणिताची मोठ्या चौकटींची घे, पोरांना पहिलीला घेतो ती. प्रत्येक अक्षर चौकटीच्या मधोमध बसलं पाहिजे. रेघांचा क्रम सोडू नकोस: वरून खाली, डावीकडून उजवीकडं. पुढं कांजी (चीनमधून आलेली चित्रासारखी अक्षरं) आल्यावर याचा फायदा कळतो, कारण क्रम पक्का असला की हात आपोआप चालतो आणि मोबाईलवर बोटानं लिहून शब्द शोधता येतो. काताकानात शि आणि त्सु, सो आणि न् या जोड्या फार सारख्या दिसतात. त्यांच्यात छोट्या रेघा आडव्या की उभ्या आणि मोठी रेघ खालून वर जाते की वरून खाली, एवढंच बघायचं. डोळ्यानं शिकशील तर गोंधळशील, हातानं लिहिशील तर नाही.

आता 'वा' आणि 'गा'. कुणाबद्दल बोलतोय ते आधीच ठरलेलं असेल तर वा. नवी बातमी कर्त्यातच असेल तर गा. "कोण आलं?" या प्रश्नात 'कोण' ला कधीच वा लागत नाही: दारे गा किमाशिता का. उत्तरातही गा, कारण कोण आलं हीच तर बातमी आहे. पण "बाबा कुठं आहेत?" "बाबा ना, बाजारात गेलेत." हा जो 'ना' लावून आपण विषय पुढं ठेवतो ती जागा वा ची. एन५ पुरतं एवढं धर. वाचत जाशील तसं बाकीचं बसत जाईल.

नेटशिवायचं म्हणशील तर 'इरोदोरि' नावाची पुस्तकं आहेत, जपान फाउंडेशननं काढलेली. पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट उतरवून घेता येतं. कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवून ठेव. कामासाठी जपानात जाणाऱ्यांना समोर ठेवून लिहिल्यामुळं त्यात दुकान, बस, कामावरची सूचना असे रोजचे प्रसंग आहेत. व्याकरण एका सुतात बांधलेलं हवं असेल तर 'मिन्ना नो निहोंगो'. पहिल्या भागात २५ धडे, दुसऱ्यात पुढचे २५. मुख्य पुस्तक अख्खं जपानीत आहे, भाषांतर आणि व्याकरणाचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. विकत घेताना नीट बघून घे, नाहीतर एकच हातात येतं. दोन्ही एकदम सुरू करू नकोस.

शब्दांसाठी अँकी, पुढं शब्द आणि मागं अर्थ अशा पत्त्यांवर पाठ करून घेणारं ॲप. अँड्रॉइडवर फुकट आहे, नेट लागत नाही. तयार पत्ते उतरवले तर मागं इंग्रजी अर्थ असतो. ते न घेता स्वतः बनव आणि मागं मराठी लिही. 'मिएरु' च्या मागं 'दिसणे' लिहिलंस की संपलं.


हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

चांगला धागा. मी वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. जपानी पुण्यात राहून क्लासमध्ये शिकलो. दुधनाकाठ ताईंचं व्याकरणाबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, तरी माझं मत थोडं वेगळं आहे. वाचन आणि व्याकरण घरी होतं, पण बोलणं होत नाही. आमच्याकडं जपानी अभियंते यायचे तेव्हा मी बघितलंय, एन४ झालेली पोरं त्यांच्यासमोर गप्प उभी राहायची. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, लिहिण्याचीही नाही, सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळं प्रमाणपत्र असूनही तोंडातून वाक्य निघत नाही. आठवड्यातून एकदा का होईना, बोलून घेणारा शिक्षक पाहिजे.

उच्चाराचंही सांगतो. स्वर लांबवला की शब्द बदलतो. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. किते म्हणजे 'ये', कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. आणि आवाजाचा चढउतार. आमे म्हणताना पहिला स्वर वर ठेवला तर पाऊस, दुसरा वर गेला तर गोळी-चॉकलेटमधली गोळी. हे ऐकून दुरुस्त करणारं कुणी लागतं.


दुधनाकाठ (सेलू)

हिमरू दादा, बोलण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, शिक्षक मिळत असेल तर सोडू नये. पण सेलू, गंगाखेड, उमरगा, किनवट इथल्या मुलांनी काय करायचं? दर आठवड्याला पुणं परवडत नाही. ऑनलाइन तास मिळतात, पण पहिल्या दिवसापासून फी भरायची सगळ्यांची ऐपत नसते.

त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. ऑडिओ लावायचा आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं, त्याच सुरात बोलत जायचं. अर्थाकडं लक्ष नंतर. आधी पुस्तक बघत, मग पुस्तक मिटून. मग स्वतःचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकायचा. ओबासान आणि ओबाआसान मधला फरक स्वतःच्या कानाला लगेच कळतो. गच्चीवर जाऊन मोठ्यानं करा, पुटपुटून होत नाही. एकाच धड्याचा संवाद तोंडात पूर्ण बसेपर्यंत पुढचा घेऊ नका.

उच्चारात मराठीची मदत इथंही होते. 'त्सु' साठी इंग्रजीवाले धडपडतात. आपल्या 'चुलत' मधला चु म्हणा, झालं. 'झा' ची ओळ शब्दाच्या सुरुवातीला आपल्या 'जाड' मधल्या जा सारखी. फु मात्र दात ओठाला न लावता, दिवा विझवताना फुंकतो तसा हलका. आणि देसु, मासु मधला शेवटचा उ जवळजवळ गिळतात: देस, मास. शिता चं श्ता होतं. हे ऐकूनच येईल.


वाघूर_घळ (फर्दापूर)

मी अजिंठ्याच्या पायथ्याचा. आमच्या गावातले बरेच जण लेण्यांवरच्या कामावर पोट भरतात. जपानी पाहुणे इथं पूर्वीपासून येतात. लेण्यांच्या संवर्धनासाठी आणि रस्ते-सोयींसाठी जपान सरकारचं कर्जसाहाय्य आलं होतं, पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. त्यांच्यासाठी ही जागा फार मोठी आहे. नारा भागातल्या होर्युजि मंदिराच्या भिंतींवर जी बोधिसत्त्वांची चित्रं होती, त्यांचं नातं इथल्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी जोडतात. ती चित्रं १९४९ च्या जानेवारीतल्या आगीत होरपळली. हे माहीत असलेला म्हातारा जपानी माणूस पद्मपाणीसमोर उभा राहतो तेव्हा बराच वेळ हलत नाही.

माझ्या चुलत्यांनी जपानी एकही पुस्तक न उघडता शिकली, नुसती ऐकून. पण त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. मी उलटीकडून आलो, आधी लिपी, मग बोलणं. दोघांचं मिळून बरं चालतं. सुरुवात करणाऱ्यांना सांगेन की आपल्या कामाची दहा-वीस वाक्यं आधी पाठ करा. माझी ही होती: "आशिमोतो नि कि ओ त्सुकेते कुदासाइ", पायाखाली बघून चाला. "कुत्सु ओ नुइदे कुदासाइ", बूट काढा. "फुराश्शु वा त्सुकावानाइदे कुदासाइ", फ्लॅश वापरू नका. यात व्याकरण सगळं आलंय: ते-रूप, नकार, विनंती. रोज तोंडात असल्यामुळं धड्यात ते आलं तेव्हा मला नवं वाटलंच नाही.

हिमरू भाऊंनी म्हणलं तसं बोलणं महत्त्वाचं. पण बोलायला लाजू नका. जपानी माणूस आपण एक वाक्य बरोबर बोललो तरी मनापासून खूश होतो आणि पुढचं सावकाश बोलतो.


कयाधू (हिंगोली)

नमस्कार ताई, दादा. मी जीएनएम (नर्सिंग) करायलेय, शेवटचं वर्ष आहे. आमच्या वर्गातल्या काही मुलींना जपानात वृद्धांच्या सेवेचं काम मिळेल असं एका एजंटानं सांगितलंय. भाषा शिकवू, व्हिसा करू म्हणतो आणि काही लाख रुपये मागतोय. एका मैत्रिणीच्या वडिलांनी त्यासाठी जमीन गहाण ठेवायचं चालवलंय. मला भाषा खरंच आवडायलीय, मी शिकणारच आहे. पण या कामासाठी नेमकी किती भाषा लागते आणि हे पैसे द्यायचे असतात का?


तेरणा (धाराशिव)

@कयाधू, पहिलं काम म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांना आजच फोन कर आणि जमिनीचा कागद करू देऊ नकोस.

आता नियम. जपाननं एप्रिल २०१९ मध्ये 'तोकुतेइ गिनोओ' म्हणजे विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांसाठी व्हिसा सुरू केला. भारताबरोबर त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धसेवा, तिकडं तिला काइगो म्हणतात, त्यात येते. भाषेसाठी जेएलपीटीची एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. त्याशिवाय कामाच्या कौशल्याची परीक्षा, आणि काइगोसाठी सेवेच्या भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा. जेएफटी-बेसिक संगणकावर होते, २५० पैकी २०० गुण लागतात आणि निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. जेएलपीटीसारखी ठरावीक रविवारांची वाट बघावी लागत नाही. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि घरच्यांना सोबत नेता येत नाही. हे तुमच्यातल्या लग्न ठरलेल्या मुलींना आधीच माहीत असायला पाहिजे, एजंट ते सांगत नाहीत.

परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडं १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात नाव आणि क्रमांक तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे आणि पावती घ्यायचा तुमचा हक्क आहे. यादीत नाव नसेल, पावती देत नसेल, तर उठून यायचं.

आणि भाषा शिकायचे लाखो रुपये लागत नाहीत, हा धागाच त्याचा पुरावा आहे. एन४ पर्यंत घरी अभ्यास करता येतो. आधी परीक्षा हातात असू दे, मग बोलणी करा. हातात प्रमाणपत्र असलेल्या मुलीला कुणी सहज गंडवत नाही.


कयाधू (हिंगोली)

खूप आभार दादा. फोन केला. त्यांनी थांबायचं कबूल केलंय. आता आम्ही चौघी मिळून अभ्यास सुरू करतोय, होस्टेलच्या एका खोलीत.


दुधनाकाठ (सेलू)

कयाधू, हे वाचून फार बरं वाटलं. चौघी आहात तर दोघी-दोघींनी संवाद करा, एकीनं रुग्ण व्हायचं आणि दुसरीनं विचारायचं. "दोको गा इताइ देसु का", कुठं दुखतंय? तुझ्या कामाचं पहिलं वाक्य हेच.

जेएलपीटीचं थोडं सांगून ठेवते, कारण पुढं सगळे विचारतील. वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. २०१० च्या आधी चारच पातळ्या होत्या, तेव्हाची पुस्तकं जुन्या बाजारात मिळतात, त्यांचे क्रमांक आताच्या पातळ्यांशी जुळवू नका. एन५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण त्यात आणखी एक अट आहे: भाषा-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ यायलाच हवेत. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळाले आणि ऐकण्यात १८ पडले तर नापास. म्हणून ऐकण्याचा सराव शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आपल्याला जवळ पडणारं केंद्र पुण्याचं आहे. नोंदणी परीक्षेच्या काही महिने आधी होते आणि जागा झपाट्यानं भरतात. रात्रीच्या गाडीनं थेट परीक्षेला जाऊ नका, आदल्या दिवशी पोचा. जागरणानंतर ऐकण्याचा पेपर जड जातो.


सिंदफणा (बीड)

माझा मुलगा नववीत आहे. कार्टून मालिका बघून बघून बरंच जपानी बोलतो, हिरागाना स्वतःच शिकला. घरात मला कळत नाही तो बरोबर बोलतो की नाही. त्याला हेच चालू ठेवू द्यावं का?


दुधनाकाठ (सेलू)

ताई, अवश्य चालू द्या, कान तयार होतोय त्याचा. फक्त एवढं सांगा की त्या मालिकांतली पात्रं एकमेकांशी फार अरे-तुरेनं बोलतात. ओरे (रांगडं 'मी'), ओमाए (रांगडं 'तू'), आज्ञा देणारी क्रियापदं. शिक्षकांशी किंवा अनोळखी माणसाशी तसं बोललं तर उद्धट वाटतं. आपल्याकडं तू, तुम्ही, आपण कळतं त्या मुलाला हे लगेच समजेल. देसु-मासु ची नम्र बोली आधी पक्की होऊ द्या. स्वतःच्या नावाला 'सान' (आपल्या 'जी' सारखं) लावायचं नाही, हेही. आणि त्याला काताकाना शिकायला लावा, मुलं ती टाळतात.


पूर्णा_जंक्शन (पूर्णा)

माझा प्रश्न वेगळा आहे. जपानी देवनागरीतच लिहून शिकलो तर काय बिघडतं? आपली लिपी इंग्रजी अक्षरांपेक्षा कितीतरी जवळची आहे. त्सु, क्यो, कित्ते सगळं बरोबर लिहिता येतं. मी अख्खी वही तशीच लिहायलोय आणि मला वेगानं कळायलंय.


दुधनाकाठ (सेलू)

पहिले काही दिवस लिही, उच्चारासाठी ती इंग्रजी अक्षरांपेक्षा कैक पटीनं चांगली आहे. मग सोड. कारण असं की जपानीत लांब ओ बहुतेक वेळा 'ओ' च्या पुढं 'उ' हे अक्षर लिहून दाखवतात. गाक्कोओ लिहिताना शेवटी उ येतो, सेन्सेए लिहिताना शेवटी इ येतो. देवनागरी वहीत आपण कानाला ऐकू येतं ते लिहितो, तिकडचं लेखन कधी कळतच नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. दुसरं म्हणजे कांजी. जपानात रोजच्या वापरासाठी ठरवलेली २१३६ कांजी आहेत, त्यातली १०२६ त्यांची मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. हिरागाना वाचायचा डोळा तयार नसेल तर कांजीच्या डोक्यावर लिहिलेला छोटा उच्चारही वाचता येत नाही आणि कांजीचं दारच बंद होतं. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्यांच्या पानावर प्रत्येक कांजीवर असा उच्चार दिलेला असतो. तिथपर्यंत पोचलास की वाचायला सतत नवं मिळतं.

इथं धाग्यावर मी देवनागरी वापरतेय ती सगळ्यांना वाचता यावं म्हणून.


बोधिवृक्ष (नांदेड)

वर्णमालेचा उल्लेख वाचून राहवलं नाही. ज्या लिपीतून संस्कृत तिकडं गेली ती सिद्धम लिपी. आपल्याकडं ती केव्हाच मागं पडली, पण जपानात शिंगोन या बौद्ध पंथाच्या मंदिरांत आजही मंत्राक्षरं सिद्धममध्येच लिहितात. तो पंथ कूकाइ यांनी (७७४–८३५) कोयासान पर्वतावर रुजवला. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. माझ्या भाचीला मी हे सांगितलं आणि तिनं दुसऱ्या दिवशी हिरागानाची वही काढली. तिला पहिल्यांदा कोयासान बघायचंय. नोकरीसाठी शिकणारे शिकू द्यात, त्यात काही वाईट नाही, पण धम्माच्या ओढीनं शिकणारी पोरंही आपल्या भागात भरपूर निघतील. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की ही भाषा आपल्यापासून फार लांबची नाही.


मांजरा_तीर (लातूर)

ताई, काताकानाही झाली. तुम्ही सांगितल्यावर इंग्रजी व्हिडिओ बंद केले, मराठी वाक्य आधी लिहितो आणि मग जपानी. स्वतः केलेली वाक्यं टाकायलोय, तपासून द्या.

१. वाताशि वा रातुरु नि सुन्दे इमासु. (मी लातूरला राहतो.)
२. गाक्कोओ नि बेंक्योओ शिमासु. (कॉलेजात अभ्यास करतो.)
३. काझोकु वा योंको देसु. (घरात चौघं आहोत.)
४. वाताशि नो ओकाआसान वा र्योओरि गा जोओझु देसु. (माझ्या आईला स्वयंपाक छान येतो.)
५. किनोओ वा आत्सुइ देशिता. (काल गरम होतं.)
६. हाहा गा त्सुकुत्ता भाकारी ओ ताबेते शिमाइमाशिता. (आईने केलेली भाकरी खाऊन टाकली.)


दुधनाकाठ (सेलू)

शाब्बास. सहावं वाक्य बघून मला फार आनंद झाला. एन५ च्या पुस्तकात ते रूप अजून आलेलंही नसतं, आणि तू ते थेट मराठीवरून उचललंस. फक्त भाकरीतला भ त्यांना उच्चारता येत नाही, काताकानात 'बाकारी' लिही.

पहिलं बरोबर. राहण्याला 'नि' च लागतो.

दुसऱ्यात 'दे' पाहिजे, करण्याची जागा आहे. आणि गाक्कोओ म्हणजे शाळा. तुझं तंत्रनिकेतन आहे, त्याला 'सेन्मोन गाक्कोओ' म्हणता येईल.

तिसऱ्यात 'को' हे वस्तू मोजायचं. आपण माणसांना चार न म्हणता चौघं म्हणतो ना, तसं तिकडं माणसांची मोजणी वेगळी: हितोरि, फुतारि, सान्निन, योनिन. म्हणून "काझोकु वा योनिन देसु". योंनिन नाही, योनिन.

चौथ्यात व्याकरण चोख आहे. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या आईला 'हाहा', दुसऱ्याच्या आईला 'ओकाआसान'. सहाव्यात हाहा बरोबर वापरलंस, तेच इथं आण.

पाचवं सगळ्यांचं चुकतं, वर म्हणलं होतं तसं. काळ विशेषणालाच लागतो: "किनोओ वा आत्सुकात्ता देसु."

आता पुढच्या खेपेला विशेषणांची वाक्यं आण. काल थंडी नव्हती, पेपर अवघड नव्हता, बस रिकामी होती, पाणी गोड होतं. शेवटच्या दोहोंपैकी एकाला 'कात्ता' लागतं आणि एकाला लागत नाही. कुठल्याला आणि का, ते शोधून लिही. कयाधू, तुम्ही चौघींनीही करून टाका.